पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि जोडीची टी-चाचणी

सत्र संपत आले म्हणजे निरनिराळ्या केंद्रांतून कृतिसंशोधनाचे अहवाल येऊ लागतात. त्यांतील पुष्कळसे एकाच घडणीचे असतात. वर्गातील मागे पडलेली मुले निवडावयाची, त्यांची पूर्वचाचणी घ्यावयाची, काही आठवडे उपक्रम चालवावयाचा, मग उत्तरचाचणी घ्यावयाची आणि शेवटी दोन सरासऱ्या शेजारी शेजारी मांडून ‘गुणवत्तेत वाढ झाली’ असे लिहावयाचे. अलीकडे त्याखाली टी-मूल्य नावाचा एक आकडाही दिलेला असतो. तो संगणकाने काढलेला असतो, आणि संगणकाने काढला म्हणून त्याला कोणी प्रश्न विचारीत नाही. मीही विचारीत नसे. तो विचारावयास कसा लागलो, हे प्रथम सांगतो. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन त्यातच आहे.

आमच्या विभागातील एका शाळेत एक शिक्षिका शाळा भरण्यापूर्वी तासभर वाचनाचा पूरक वर्ग घेत असत. मुले बहुतेक कारखान्यांत रोजंदारीवर जाणाऱ्यांची. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी हिंदी, आणि कित्येकांच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही. बाईंनी जुलैत पूर्वचाचणी घेतली, डिसेंबरात उत्तरचाचणी घेतली. दोन्ही याद्या शाळेतील एका तरुण सहकाऱ्याने संगणकावर चढविल्या आणि टी-चाचणी करून दिली. उत्तर आले, फरक लक्षणीय नाही. तेव्हा हा तास बंद करून बाईंकडे दुसरे काम द्यावे, असा शेरा मुख्याध्यापकांनी अहवालावर लिहिला, आणि त्या शेऱ्याखाली मी स्वाक्षरी केली.

पंधरा दिवसांनी बाई आपली हातची वही घेऊन कार्यालयात आल्या. तक्रार अशी त्यांनी केली नाही. एवढेच म्हणाल्या, “साहेब, यांतले एक एक मूल मी ओळखते. यांतले मागे कोण गेले, तेवढे मला दाखवा.” वही आणि संगणकाचा कागद शेजारी ठेवून मी पाहू लागलो. पूर्वचाचणीची यादी हजेरीपटाच्या क्रमाने होती. उत्तरचाचणीची यादी गुणानुक्रमे लावलेली होती. संगणकात नावे नव्हतीच, केवळ आकड्यांचे दोन स्तंभ होते. पहिल्या ओळीत एका मुलाचे जुलैतील गुण आणि दुसऱ्याच मुलाचे डिसेंबरातील गुण, आणि अशा साऱ्या ओळी. यंत्राने त्या परक्या मुलांच्या जोड्या इमानाने वजा केल्या होत्या.

याद्या जुळवून पुन्हा चाचणी केली तेव्हा निकाल पालटला, आणि बाईंचा तास पुढे चालू राहिला. तथापि त्यांनी वही जपून ठेवली नसती तर माझी स्वाक्षरी तशीच राहिली असती.

आता मूळ विषयाकडे वळू. जोडीची टी-चाचणी म्हणजे काय, ती संगणकावर कशी करावयाची आणि तिच्या उत्तराचा अर्थ काय घ्यावयाचा, हे ज्यांनी संख्याशास्त्राचा अभ्यास प्रशिक्षण विद्यालयातच सोडून दिला अशा शिक्षक बंधुभगिनींसाठी लिहीत आहे.

पुष्कळ घरांतून दाराच्या चौकटीवर मुलांची उंची पेन्सिलीने खुणावून ठेवण्याची चाल असते. वर्षभराने आई पुन्हा खूण करते, तेव्हा ती प्रत्येक मुलाची नवी खूण त्याच मुलाच्या जुन्या खुणेशी ताडून पाहते. थोरला धाकट्याहून हातभर उंच आहे, हे त्या वेळी तिच्या हिशेबात येत नाही. धाकटा दोन बोटे वाढला, एवढे तिला कळावयाचे असते. जोडीच्या चाचणीचे सारे मर्म या चौकटीवर आहे. वर्गातील मुलांमुलांतील अंतर मोठे असते आणि सहा महिन्यांत झालेली प्रत्येकाची वाढ त्या मानाने लहान असते. ही लहान वाढ त्या मोठ्या अंतराखाली दडपून जाऊ नये, म्हणून मुलाची तुलना त्याच्याशीच करावयाची.

एक उदाहरण घेऊ. पुढील आकडे कोणत्याही शाळेचे नाहीत. समजुतीसाठी मीच रचले आहेत. दहा मुलांनी एका मिनिटात शुद्ध वाचलेले शब्द, प्रथम पूर्वचाचणीतील व नंतर उत्तरचाचणीतील, असे समजावे:

पहिला १२ व १९
दुसरा ४१ व ४५
तिसरा २५ व ३४
चौथा ५८ व ६०
पाचवा ८ व १४
सहावा ३३ व ४१
सातवा ४७ व ४६
आठवा १९ व २७
नववा ६५ व ७०
दहावा ३० व ३२

पूर्वचाचणीची सरासरी ३३.८ आणि उत्तरचाचणीची ३८.८, म्हणजे वाढ ५ शब्दांची. आता प्रत्येक मुलाचा स्वतःचा फरक काढावा: ७, ४, ९, २, ६, ८, उणे १, ८, ५, २. येथून पुढे मूळच्या दोन स्तंभांची गरज राहत नाही. चाचणी होते ती या दहा फरकांचीच.

फरकांची सरासरी ५ आहे. प्रत्येक फरक ५ पासून किती दूर आहे ते पाहून त्या अंतरांचे वर्ग करावेत. त्यांची बेरीज ९४ येते. तिला मुलांच्या संख्येपेक्षा एकाने कमी, म्हणजे ९ ने भागून वर्गमूळ घेतले की प्रमाण विचलन ३.२३ मिळते. त्याला १० च्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी १.०२ येते. सरासरी फरकाला या त्रुटीने भागावे, येणारा ४.८९ हा आकडा म्हणजे टी-मूल्य. वाढ ही तिच्यातील अनिश्चिततेच्या जवळजवळ पाचपट आहे, इतकाच त्याचा अर्थ. मघाचा ९ हा आकडा म्हणजे स्वाधीनता मात्रा. अहवालात ती टी-मूल्याच्या शेजारी लिहिलीच पाहिजे, कारण तिच्यावाचून टी-मूल्य वाचता येत नाही.

एवढे गणित एकदा हाताने करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्याला अर्धा तास पुरतो. ज्याने ते एकदा केले आहे त्याला संगणकाचा कागद परका वाटत नाही.

आता याच दहा मुलांचे उत्तरचाचणीचे गुण मोठ्यापासून लहानापर्यंत लावून पूर्वचाचणीच्या मूळ क्रमाशेजारी ठेवू, म्हणजे त्या शाळेत घडलेली चूक मुद्दाम करू. फरक असे येतात: ५८, १९, २१, उणे १३, ३३, १, उणे १५, ८, उणे ४६, उणे १६. यांची सरासरी काढून पाहावी. ती पुन्हा बरोबर ५ च येते! आकडे तेच असल्यामुळे दोन्ही स्तंभांच्या सरासऱ्या बदलत नाहीत, त्यामुळे सरासरी पाहून ही चूक कधीही सापडावयाची नाही. परंतु फरकांचे प्रमाण विचलन आता २९.५ झाले आहे आणि टी-मूल्य ४.८९ वरून ०.५४ वर घसरले आहे. दोन्ही याद्या स्वतंत्रपणे गुणानुक्रमे लावल्या तर याच्या उलट होते. त्या वेळी टी-मूल्य ५.५१ येते, म्हणजे खऱ्यापेक्षा अधिक. एका चुकीने चांगला उपक्रम बुडतो, दुसरीने न कमावलेले श्रेय मिळते, आणि यंत्र दोन्ही वेळा सारख्याच ठामपणे उत्तर देते.

तिसरी चूक चाचणीच्या निवडीची. संगणकात स्वतंत्र गटांसाठी निराळी टी-चाचणी असते. दोन वेगळ्या वर्गांतील वेगळ्या मुलांची तुलना करावयाची असेल तेव्हा ती वापरावी. आपल्या दहा मुलांना ती लावली तर टी-मूल्य ०.६१ येते. कारण उघड आहे. मिनिटाला ८ शब्द वाचणारा आणि ६५ शब्द वाचणारा यांच्यातील अंतरही त्या चाचणीच्या त्रुटीत मिसळते, आणि त्यापुढे ५ शब्दांची वाढ नाहीशी होते.

आता प्रत्यक्ष संगणकाकडे. लिब्रेऑफिसचा कॅल्क हा तक्ता विनामूल्य मिळतो, आणि शाळेला परवान्यासाठी पैसा खर्चावा लागत नाही, म्हणून मी त्याचीच रीत सांगतो. पहिल्या स्तंभात हजेरी क्रमांक, दुसऱ्यात पूर्वचाचणी, तिसऱ्यात उत्तरचाचणी लिहावी. एका मुलाची एकच ओळ. हजेरी क्रमांकाचा स्तंभ चाचणीला लागत नाही म्हणून गाळण्याचा मोह होतो. तो गाळू नये. वरील सारा घोटाळा तो स्तंभ नसल्यामुळेच झाला. क्रम लावावयाचा असेल तर तिन्ही स्तंभ एकत्र निवडूनच लावावा. अंक इंग्रजी लिपीत टंकावेत. देवनागरी अंकांना यंत्र शब्द समजण्याचा संभव असतो. आकडा घराच्या उजव्या कडेला चिकटला तर यंत्राने तो आकडा म्हणून घेतला, डाव्या कडेला चिकटला तर शब्द म्हणून, एवढी खूण ध्यानात ठेवली म्हणजे पुरे.

चौथ्या स्तंभात प्रत्येकाचा फरक काढावा: बरोबरचे चिन्ह टंकून सी२ वजा बी२, आणि तेच सूत्र खाली ओढावे. हा स्तंभ यंत्रासाठी नसून आपल्यासाठी आहे. त्यावरून एकदा डोळा फिरवावा. एखादे मूल एकदम ५८ शब्दांनी वाढलेले किंवा ४६ शब्दांनी मागे गेलेले दिसले, तर चाचणीकडे जाण्यापूर्वी त्या मुलाची उत्तरपत्रिका काढून पाहावी. वर्गशिक्षकाला येथे जे दिसते ते संख्याशास्त्रज्ञालाही दिसावयाचे नाही.

त्यानंतर वरच्या पट्टीतील ‘डेटा’ उघडून ‘स्टॅटिस्टिक्स’ आणि त्यातील ‘पेअर्ड टी-टेस्ट’ निवडावे. एक चौकट उघडते. तिच्या पहिल्या रकान्यात उत्तरचाचणीचे आकडे, दुसऱ्यात पूर्वचाचणीचे आकडे, आणि ‘रिझल्ट्स टू’ या रकान्यात तक्त्यावरील एखादे रिकामे घर द्यावे. शीर्षकाची ओळ निवडीत घेऊ नये. पूर्वचाचणी प्रथम दिली तरी काही बिघडत नाही. टी-मूल्य उणे ४.८९ असे येईल इतकेच. ते पाहून मुले मागे गेली असे समजून घाबरू नये. यंत्र पहिल्यातून दुसरा वजा करते.

एक्सेल वापरणाऱ्यांना ‘डेटा ॲनालिसिस’मध्ये ‘पेअर्ड टू सँपल फॉर मीन्स’ अशा नावाने हीच चाचणी सापडेल. दोन्हींत ‘टी.टेस्ट’ असे सूत्रही आहे. त्याला चार गोष्टी द्याव्या लागतात: दोन स्तंभ, मग बाजूंची संख्या आणि शेवटी प्रकार. प्रकारासाठी १ लिहिले तर जोडीची चाचणी होते, २ किंवा ३ लिहिले तर स्वतंत्र गटांची. सारा निकाल या शेवटच्या अंकावर अवलंबून असतो आणि कागदावर तो कोठेही दिसत नाही. म्हणून हे सूत्र मला फारसे आवडत नाही.

यंत्र जो तक्ता देते त्यातील सर्व आकडे वापरावयाचे नसतात. परंतु एका आकड्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते राखणदार म्हणून तोच सर्वांत उपयोगी आहे. ‘पिअर्सन कोरिलेशन’ या नावाखाली दोन्ही चाचण्यांतील सहसंबंध दिलेला असतो. जो मुलगा जुलैत वर्गात पुढे होता तो डिसेंबरातही बहुधा पुढेच असतो, म्हणून खऱ्या जोड्यांत हा सहसंबंध चांगला वरचा येतो. आपल्या उदाहरणात तो ०.९९ आहे. तीच यादी विसकटून लावली तेव्हा तो उणे ०.३१ झाला. सहसंबंध शून्याजवळ किंवा उणा आला की हातातील काम थांबवून प्रथम ओळी तपासाव्यात. हा आकडा मी त्या दिवशी वाचला असता तर बाईंना कार्यालयाची पायरी चढावी लागली नसती. दोन्ही याद्या गुणानुक्रमे लावण्याची दुसरी चूक मात्र याने पकडता येत नाही, कारण तेव्हा सहसंबंध उलट वाढतो. तेथे हजेरी क्रमांकच हवा.

मग ‘पी’ अशी खूण असलेले दोन आकडे येतात, एक एकतर्फी व दुसरा दुतर्फी. दुतर्फी घ्यावा. एकतर्फी आकडा निम्मा असतो, म्हणून तो अधिक गोड दिसतो, आणि निकाल पाहून झाल्यावर तोच उचलण्याची सवय काही अहवालांत दिसते. मुले मागेही जाऊ शकतात ही शक्यता आपण आधीच मिटवून टाकलेली नसते, म्हणून दुतर्फीच प्रामाणिक. आपल्या उदाहरणात तो ०.००१ पेक्षा किंचित कमी आहे. फार लहान आकडा यंत्र कधी कधी इंग्रजी ‘ई’ अक्षर व उणे अंक जोडून दाखविते. ८.६ च्या पुढे ‘ई’ आणि उणे ०५ असेल तर तो ८.६ नसून ०.००००८६ आहे. एसपीएसएस या प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांच्या कागदावर .००० असे छापून येत असे, त्याचाही अर्थ शून्य असा नव्हे, अहवालात ‘०.००१ पेक्षा कमी’ असे लिहावे.

या ‘पी’चा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. उपक्रमामुळे काहीच घडले नसते, मुलांची खरी वाढ सरासरीने शून्य असती, आणि आपल्याला दिसलेले फरक केवळ त्या त्या दिवसाच्या चढउतारामुळे पडले असते, असे क्षणभर धरून चालावे. तसे असताना इतका किंवा याहून मोठा टी निव्वळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता किती, हे ‘पी’ सांगतो. उपक्रम यशस्वी होण्याची संभाव्यता तो सांगत नाही. वाढ मोठी की लहान, हेही तो सांगत नाही. मोठ्या गटात अर्ध्या शब्दाची वाढही लक्षणीय ठरू शकते, आणि अर्ध्या शब्दाने कोणाचे वाचन सुधारत नाही. म्हणून सरासरी वाढ तिच्या मर्यादांसह द्यावी. त्या काढणे सोपे आहे. तक्त्याच्या शेवटी दुतर्फी ‘क्रिटिकल’ म्हणून जो आकडा असतो (९ स्वाधीनता मात्रेस तो २.२६ आहे) त्याने प्रमाण त्रुटीला गुणावे व तो गुणाकार सरासरी फरकात मिळवावा व त्यातून वजा करावा. येथे त्या मर्यादा २.७ आणि ७.३ येतात. ‘वाढ ५ शब्दांची, ९५ टक्के मर्यादा २.७ ते ७.३’ हे वाक्य मला कोणत्याही टी-मूल्यापेक्षा अधिक सांगते.

आपण रीत बरोबर करतो की नाही, हे पडताळून पाहण्यास एक जुनी खरी यादी उपलब्ध आहे. या चाचणीचे जनक विल्यम सीली गॉसेट हे डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीस होते. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढावा, ही अडचण त्यांना कारखान्याच्या कामातच आली. १९०६-०७ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत येऊन राहिले. (मघाचा सहसंबंध याच पिअर्सनांच्या नावाचा. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले आपले थोर संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीही पुढे याच कॉलेजातून १९३६ साली डॉक्टरेट मिळविली.) नोकरांनी स्वतःच्या नावाने लेख छापू नयेत असा कारखान्याचा दंडक असल्यामुळे गॉसेट यांचा १९०८ सालचा लेख ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी, या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी १९०५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उदाहरणादाखल घेतला होता. दहा रुग्णांना आळीपाळीने दोन झोपेची औषधे दिली होती आणि प्रत्येकाची झोप किती तासांनी वाढली हे नोंदले होते. पहिल्या औषधाचे आकडे असे: ०.७, उणे १.६, उणे ०.२, उणे १.२, उणे ०.१, ३.४, ३.७, ०.८, ०, २.०. त्याच क्रमाने दुसऱ्या औषधाचे: १.९, ०.८, १.१, ०.१, उणे ०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६, ३.४. हे आपल्या संगणकात भरावेत. दुसरे औषध प्रथम दिल्यास सरासरी फरक १.५८, टी ४.०६, स्वाधीनता मात्रा ९ आणि दुतर्फी पी ०.००२८ आला पाहिजे. तसा आला तर आपली रीत बरोबर आहे. टी १.८६ आला तर आपल्या हातून स्वतंत्र गटांची चाचणी निवडली गेली, असे खुशाल समजावे. गंमत अशी, की औषधांची नावे नोंदताना गॉसेट यांच्याकडून चूक झाली होती. शीर्षके चुकली, परंतु रुग्णांच्या ओळी चुकल्या नाहीत, म्हणून उदाहरणाचे गणित आजही तसेच शिकविले जाते.

या यादीतील नववा रुग्ण पाहावा. बाकीच्यांचे फरक ० ते २.४ या दरम्यान असताना त्याचा ४.६ आहे. असा एखादा फरक फार दूर असेल आणि मुले थोडी असतील तर टी-चाचणीवर एकट्याने विसंबू नये. फरकांच्या केवळ क्रमांकांवरून होणारी विल्कॉक्सन यांची चाचणी सोबत करावी. प्रत्येक चाचणीचे गुण नैसर्गिक घंटाकृती वक्रात बसलेच पाहिजेत असे नाही. फरक साधारणपणे तसे असावेत, एवढीच अपेक्षा असते. हा विषय येथे अधिक वाढवीत नाही.

गैरहजर मुलांविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. काही शाळांत गैरहजर मुलाच्या रकान्यात शून्य लिहिण्याची पद्धत आहे. आपल्या उदाहरणातील नवव्या मुलाने उत्तरचाचणी दिली नाही आणि तेथे ० लिहिले असे धरा. त्याचा फरक उणे ६५ होतो आणि साऱ्या वर्गाची सरासरी वाढ ५ वरून उणे २ वर येते. एका शून्याने नऊ मुलांची मेहनत पुसली जाते. न वाचता येणे आणि शाळेत नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्याची एकच चाचणी झाली त्याची जोडी होत नाही, म्हणून ती ओळ चाचणीतून वगळावी.

पण वगळली म्हणून विसरू नये. अंबरनाथ तालुक्यातील आणि बदलापूरच्या आसपासच्या पाड्यांवरील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुले त्यांच्याबरोबर जातात. आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराचे काम संपले की बिऱ्हाड हलते, आणि मूल आज पटावर तर उद्या दुसऱ्या गावी. जुलैत पूर्वचाचणी दिलेली हीच मुले मार्चच्या उत्तरचाचणीला नसतात, आणि बहुधा तीच वाचनात सर्वांत मागे असतात. जोड्या उरतात त्या टिकून राहिलेल्या मुलांच्या. तेव्हा जोड्यांची संख्या १० असेल आणि पूर्वचाचणी १४ जणांनी दिली असेल, तर अहवालात दोन्ही आकडे यावेत, आणि त्या चौघांची पूर्वचाचणीची सरासरी निराळी द्यावी. ती उरलेल्या दहांहून बरीच खाली असेल तर निकाल कोणाचा आहे आणि कोणाचा नाही, हे वाचणाऱ्यास कळते. यंत्र या मुलांचा उल्लेख करणार नाही. तो शिक्षकानेच करावयाचा आहे.

आणखी एक शंका केंद्रसभेत नेहमी निघते. टी लक्षणीय आला म्हणजे वाढ आमच्या उपक्रमामुळेच झाली, असे म्हणता येईल काय? येत नाही. सहा महिन्यांत मूल वयाने वाढते, नेहमीच्या वर्गातही शिकते, आणि दुसऱ्यांदा चाचणी देताना बुजत नाही. शिवाय पूरक वर्गासाठी आपण सर्वांत कमी गुणांची मुले निवडतो. त्यांतील काहींचा तो दिवसच वाईट गेलेला असतो आणि पुढील चाचणीत ती आपोआप वर येतात. वाढ झाली की नाही, एवढेच जोडीची चाचणी सांगते. कशामुळे झाली ते कळण्यास तुलनेचा दुसरा गट लागतो.

याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारी मुंबईतच आहे. ‘प्रथम’ या संस्थेचा बालसखी उपक्रम मुंबई व बडोदा येथील शाळांतून चालला होता. वस्तीतीलच एखादी तरुण मुलगी मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर घेऊन वाचन व अंकगणिताची पायाभूत तयारी करून घेत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, शॉन कोल व ली लिंडन यांनी त्याचा अभ्यास केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी केवळ पूर्व व उत्तर चाचण्यांवर समाधान मानले नाही. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, काही शाळांत एका इयत्तेला आणि काहींत दुसऱ्या इयत्तेला बालसखी दिली, म्हणजे प्रत्येक इयत्तेला बालसखी नसलेल्या शाळांतील मुलांशी तुलना मिळाली. वाढ सर्वांचीच होत असते. बालसखी असलेल्यांची अधिक झाली की नाही, हे त्यांनी पाहिले, आणि ती अधिक झाल्याचे आढळले. आपल्या एका शाळेला इतके करणे शक्य नाही हे मी जाणतो. परंतु शेजारच्या तुकडीने त्याच दोन दिवशी त्याच दोन चाचण्या दिल्या तर प्रत्येक तुकडीतील मुलांचे फरक हाती येतात. ते फरक दोन स्तंभांत मांडून स्वतंत्र गटांची टी-चाचणी लावावी. ती निराळी चाचणी येथे मात्र आपल्या जागी योग्य आहे.

रहाटोली येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे किंवा आमच्या कार्यालयाकडे यापुढे जे अहवाल पाठवावयाचे, त्यांना संगणकाच्या कागदासोबत हजेरी क्रमांकासह मूळ गुणयादीही जोडावी. मुलांची नावे लिहू नयेत, क्रमांक पुरे. वर्गशिक्षकाची हातची वही शाळेतच ठेवावी व दोन वर्षे फेकू नये. ज्या शाळांत संगणक नाही किंवा बंद पडलेला आहे, त्यांनी वहीतील यादी घेऊन केंद्रसभेच्या दिवशी अर्धा तास आधी यावे. संगणक सुरू करून ठेवलेला असेल आणि मी तेथे असेन.